फळ्या की फरशी

आमच्या माडीवर बादलीभर पाणी ओतायचं नाही, हा या घरातला पहिला नियम मला लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी कळला. नवी सून, अंगात उत्साह फार. पदर खोचला, बादली भरली, खराटा घेऊन उभी राहिले, तोच खालून आवाज आला, "अगं थांब! खाली कापड हाय!" लग्न झाल्यावर नवरा माझ्याशी मोकळ्या आवाजात बोलला तो हा असा. त्याआधी नुसतं "हं" आणि "व्हय" चाललेलं. मी बादली हातात घेऊन तशीच उभी. पुढं काय वाढून ठेवलंय ते मला तेव्हाच कळायला हवं होतं.

घर आमचं कोल्हापुरात, मंगळवार पेठेतल्या एका बोळात. खाली रस्त्याकडेला ह्यांचं शिवणकामाचं दुकान, मागं न्हाणीघर. वर माडी, म्हणजे एक लांबलचक खोली आणि तिच्या टोकाला स्वयंपाकघर. स्वयंपाकघरात तेवढा सिमेंटचा कट्टा आणि मोरी आहे, तिथलं पाणी पाइपातून मागच्या गटारीला जातं. बाकी सगळ्या माडीची जमीन लाकडाची. तुळयांवर सागवानी फळ्या ठोकलेल्या, आणि त्याच फळ्या म्हणजे खालच्या दुकानाचं छत. मधे दुसरं काही नाही. दोन फळ्यांमधे फट, पुढच्या दोन फळ्यांमधे आणखी मोठी फट. वर केर काढला की धूळ खाली. वर काही सांडलं की खाली. आणि खाली एखादं गिऱ्हाईक माप देता देता बायकोची तक्रार सांगू लागलं की वर भाकरी थापताना मला शब्द न शब्द ऐकू येणार. बोळातल्या निम्म्या भानगडी मला फळ्यांनी सांगितल्यात, मी कुणाच्या दारात जाऊन चौकशी केलेली नाही.

ह्यांचं काम पांढऱ्या कापडाचं. लेंगे, नेहरू शर्ट, तीन बटणी शर्ट, म्हाताऱ्या माणसांच्या कोपऱ्या, म्हणजे खिशाच्या बंड्या. आता तुम्ही म्हणाल, हल्ली कोण शिवून घेतंय? घेतात की. आमच्या भागात लग्नात आहेर म्हणून शर्टपीस द्यायची पद्धत अजून गेलेली नाही. प्रत्येकाच्या कपाटात शर्टपिसांचा ढीग असतो. ते पुढच्या लग्नात दुसऱ्याला देऊन टाकायचं, नाहीतर शिंप्याकडं न्यायचं, दोनच मार्ग. शिवाय बिद्रीकडचे, हुपरीकडचे शेतकरी अजून तयार शर्टाला नावं ठेवतात. काखेत धरतोय म्हणतात. ते एस.टी.नं येतात, दुकानाच्या पायरीवर चपला काढतात आणि पहिलं वाक्य ठरलेलं, "काय पावणं, हाय का न्हाय?" म्हणजे जिवंत आहात का. हे म्हणतात, "हाय की, बसा."

तर खाली असं पांढरं कापड पसरलेलं आणि वर आमचा संसार. एका रविवारी मुलगा लहान असताना जेवायला बसलो होतो. पोरानं वाटी पाडली. तांबडा रस्सा, वर बोटभर तेलाचा कट, सगळा एका फटीतून खाली. मी श्वास रोखून बसले. हे तेवढ्यात जेवण उरकून खाली गेलेले. जरा वेळानं खालून अगदी शांत आवाज आला, "आज रस्सा फक्कड झालाय. रंग तर काय आलाय!" हुपरीच्या एका पावण्याचा शर्ट होता, उद्या न्यायचा होता. ह्यांनी पुढचा पूर्ण भाग उसवला, दुसरं कापड आणून नवा बसवला आणि तो पावणा अजून सांगत असतो की तुमच्यासारखी शिलाई जिल्ह्यात नाही. मी वर तोंडात पदर धरून हसत बसते.

पण हसणं वेगळं आणि रोज फडकं पिळणं वेगळं. मी जन्मभर माझं घर ओल्या फडक्यानं पुसलंय, तेही असं घट्ट पिळून की मनगटं दुखायची. बालवाडीत शिकवायला जायच्या आधी पिळायचं, आल्यावर पिळायचं. बाकीच्या बायका नवरात्र तोंडावर आलं की घरं धुवायच्या. दारातून पाण्याचे लोट बाहेर यायचे, खराट्याचा खर्र खर्र आवाज, पोरांची घसरगुंडी. मी वरून खिडकीतून बघायची. मला त्यांचा हेवा वाटायचा, उगीच खोटं कशाला सांगू? साडीचा, दागिन्याचा कधी वाटला नाही. पाण्याचा वाटायचा.

त्याची कसर मी पंचगंगेवर भरून काढायची. नवरात्राआधी घरातल्या सगळ्या वाकळा, चादरी, पडदे नदीवर न्यायचे, ही आमच्याकडची रीतच. घरात मशीन आलं तरी वाकळ मशीनमधे मावत नाही, त्यामुळं नदी सुटलेली नाही. घाटावर गुडघाभर पाण्यात उभं राहून वाकळ आपटायला लागले की शेजारीण म्हणायची, "अगं, तिचा जीव घेतेस का काय?" मी वर्षभराचं पाणी एका दिवसात वापरायची. घरी येताना अंग दुखायचं आणि मन मात्र खुश.

गेल्या गणपतीत मुलगा पुण्याहून आला तेव्हा विषय निघाला. त्याच्या पायात फळीचं कुसळ घुसलं. नुसतं निमित्त. मी सुई घेऊन कुसळ काढत होते आणि तो म्हणाला, "आई, बास झालं आता. ही जमीन बदलूया." मी म्हणाले, "बदल की. मी कधी नको म्हटलंय?" माझ्या भावाचा मुलगा बांधकामाची कामं घेतो. त्याला दुसऱ्याच दिवशी बोलावलं.

भाचा आला, पायानं फळ्या दाबून बघितल्या, खाली जाऊन टॉर्च मारून तुळया बघितल्या, कोपऱ्यातली एक फळी उचकटून त्याखाली हात घातला. मग चहा पीत त्यानं सांगितलं की फळ्यांवर थेट फरशी बसत नाही. लाकूड हलतं, फरशी तडकते. "आत्या, फरशी पायजे असंल तर फळ्या काढायच्या, गर्डर टाकायचे, स्लॅब वतायचा. एकदम पक्कं काम. मग तू वर पोहायचं म्हटलीस तरी खाली थेंब न्हाय."

"आणि न्हाय काढल्या तर?" मुलानं विचारलं.

"न्हाय तर मग फळ्याच नीट करायच्या. कोपऱ्यातल्या दोन-तीन वाळवीनं खाल्ल्यात, त्या बदलायच्या. बाकीच्या घासायच्या, फटी भरायच्या, पॉलिश मारायचं. दिसायला झ्याक दिसंल. पण लाकूड ते लाकूडच. पाणी वतायचं न्हाय."

"मग ते नकोच," मी म्हणाले. एवढं पटकन बोलले की तिघंही हसलो. तिघं म्हणजे मुलगा, भाचा आणि मी. हे हसले नाहीत. हे कपातला चहा बशीत ओतत होते आणि तो ओतून झाला तरी कप तसाच तिरका धरून बसले होते.

मला वाटलं, पितृपक्ष तोंडावर आलाय म्हणून काहीतरी खुसपट काढणार. पण काही बोलले नाहीत. मुलगा म्हणाला, "बाबा, स्लॅब टाकायचा म्हणजे दुकान रिकामं करावं लागेल. खाली सेंट्रिंगचे खांब लागतील." भाचा म्हणाला, "सेंट्रिंग, मग स्लॅबला पाणी मारायचं, मग गिलावा, मग फरशी. दोन-तीन म्हयने धरून चला मामा." हे म्हणाले, "बरं." मुलगा म्हणाला, "नाहीतरी आता किती दिवस मशीन मारणार? पायाला सूज येते. या निमित्तानं आराम होईल." त्यालाही हे म्हणाले, "बरं." मग उठले. "माडी हिची हाय. ती ठरवंल ते," म्हणाले आणि खाली गेले. लगेच मशीनचा आवाज सुरू झाला. पायमशीन आहे आमचं, मोटर लावू देत नाहीत. मोटर आपल्या वेगानं पळते, पायाचं ऐकत नाही म्हणतात.

जाताना भाच्यानं फरशीचा एक नमुना ठेवला. पांढरी शुभ्र, त्यात एखादी करडी रेघ. ती मी स्वयंपाकघराच्या कट्ट्याला टेकवून ठेवली. येता-जाता हात फिरवायची. गार लागायची. एकदा तर तिच्यावर मुद्दाम पाणी ओतलं आणि ते कसं घरंगळतं ते बघत बसले. या वयात! कुणी बघितलं असतं तर म्हटलं असतं, बाईचं डोकं फिरलं.

दसऱ्यानंतर काम सुरू करायचं असं ठरलं. नवरात्राच्या आधी मी पंचगंगेवर वाकळा धुतल्या, शेजारणीला सांगितलं, "पुढच्या वर्षी बघ, मी माडी धुणार. तुझ्या दारात पाणी येईल." ती म्हणाली, "येऊ दे की, मी पाय धुवून घेईन." आम्ही खूप हसलो.

घटस्थापना झाली आणि त्याच आठवड्यात मी वर धान्य निवडत बसले होते. खाली बिद्रीकडचे एक म्हातारे आले. त्यांचा आवाज मला ओळखीचा. वर्षातून दोनदा येणार, थोरल्या नातवापासून स्वतःपर्यंत सगळ्यांचं कापड एकदम आणणार. पिशवीतून कापड काढल्याची सळसळ ऐकू आली. "दिवाळीला पायजे बरं का," ते म्हणाले.

हे म्हणाले, "पावणं, या टायमाला दुसरीकडं बघा."

मी सूप खाली ठेवलं.

"का वो? तब्येत बरी न्हाय?"

"तब्येतीला काय धाड भरलीय? दुकान बंद करतोय. वरचं काम काढलंय घराचं."

"मग दिवाळीनंतर द्या की. आमाला काय घाई न्हाय."

"न्हाय, नको. बंदच करायलोय."

कापड परत पिशवीत भरल्याची सळसळ झाली. मग म्हातारे म्हणाले, "मग आता आमी कुणाकडं जायाचं?" हे त्यांना एक दोन दुकानं सांगू लागले. कुठल्या चौकात, कुणाच्या शेजारी, कॉलर कोण चांगली करतं, काखेत ढिलं ठेवायला सांगा, सगळं नीट समजावून. शेवटी म्हणाले, "माझं नाव सांगा, मन लावून शिवंल." म्हातारे गेले. त्यांच्या चपलांचा आवाज बोळाच्या तोंडापर्यंत मला ऐकू आला.

खरं सांगते, मला राग आला. आधी रागच आला. मी म्हटलं, बघा, तोंडानं बरं बरं म्हणायचं आणि हे असं करायचं! कुणी सांगितलं होतं कायमचं बंद करायला? दोन-तीन महिन्यांची तर बाब. मी जिन्यापर्यंत गेले, भांडायला तोंड उघडलं आणि खाली बघितलं तर हे मशीनवर बसलेले, समोर काही कापड नाही आणि पाय चालू. रिकामं मशीन चालवत होते. सुईत दोरा नव्हता. मी वर आले आणि धान्य निवडायला बसले. खडे कुठले आणि दाणे कुठले मला कळेना.

त्या दिवसापासून मी कान देऊन ऐकू लागले. आणखी दोघं आले, दोघांनाही ह्यांनी परत पाठवलं. हातातलं जुनं काम तेवढं संपवत होते. काजं करत होते, बटणं लावत होते, तयार कपडे घडी करून ठेवत होते. कपाटं मोकळी होत चालली. जेवायला वर आले की मात्र एकदम गप्पा. स्वयंपाकघरातली फरशी कुठून सुरू करायची, उतार कुठल्या बाजूला द्यायचा, पाणी जायला भोक कुठं ठेवायचं. "तुला बादली उचलायला लागू नये, वरच नळ घेऊ," म्हणाले. मी हं हं करत होते.

मग खंडेनवमी आली. त्या दिवशी आमच्याकडं हत्यारांची पूजा. कात्र्या, टेप, इस्त्री, अंगुस्तान, सुयांची डबी, सगळं धुवून पुसून पाटावर मांडायचं. मशीनला झेंडूची माळ. त्या दिवशी कशालाही हात लावायचा नाही, दुसऱ्या दिवशी दसऱ्याला पहिला टाका घालूनच दुकान उघडायचं. पूजा हेच करतात, मी वरून नैवेद्य आणते. पुरणाचं ताट घेऊन मी जिना उतरले.

पाटावर सगळं ओळीनं मांडलेलं. मोठी कात्री, लहान कात्री, इस्त्री, टेपची गुंडाळी. आणि त्यांच्या पलीकडं, शेवटी, ती पांढरी फरशी. भाच्यानं दिलेली. मला न सांगता वरून उचलून आणली होती. तिलाही हळदकुंकू लावलेलं, तिच्यावरही झेंडूचं फूल.

मी ताट हातात घेऊन तशीच उभी राहिले.

"ही कशाला इथं?" मी विचारलं.

"हितून पुढं घरात हिचंच काम," हे म्हणाले. "तिचा मान तिला द्यायला नको व्हय? ह्यांनी लई वर्सं काम केलं." कात्र्यांकडं हात करून बोलले.

"आणि तुम्ही?"

"मी काय? मी जेवतो की तुझ्या हातचं. खांब लागले की हितं बसायला जागा न्हाय. तीन म्हयने बंद ठेवायचं म्हंजे गिऱ्हाईक वाट इसरतंय. आणि मीबी. पाय एकदा का मशीनवरनं उतरला की ह्या वयात परत चढत न्हाय. मला म्हाईत हाय ते. मग उगच लोंबकळत कशाला ठेवायचं?"

"मग तुम्ही त्या दिवशी बोलला का नाही? तोंड शिवलं होतं का?"

हे हसले. शिंप्याच्या बायकोनं असं विचारावं याचं त्यांना नेहमी हसू येतं. मग म्हणाले, "काय बोलायचं? नव्या नवरीच्या हातातली बादली मीच खाली ठेवायला लावली. त्यावर तू एक शब्द बोलली न्हाईस. जन्मभर फडकं पिळलंस. आता तरी वत की पाणी. मी बघतो बसून."

माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. पुरणपोळीवर पडेल म्हणून मी ताट बाजूला धरलं. राग पण आला होता आणि माया पण दाटून आली होती, दोन्ही एकदम. या माणसानं कधी मला "छान दिसतेस" म्हटलेलं नाही. कधी गजरा आणलेला नाही. आणि आता आपलं सगळं हातचं काढून माझ्या पुढ्यात ठेवत होता, फुलं वाहून, जसं काही माझं देणं फेडत होता.

मी नैवेद्य दाखवला. नमस्कार केला. त्या दिवशी काही बोलले नाही, कारण सणाच्या दिवशी मी तोंड उघडलं असतं तर बोळ गोळा झाला असता.

दसऱ्याला संध्याकाळी हे दसरा चौकातून सोनं लुटून आले. आपट्याची पानं माझ्या हातात दिली, मी पाया पडले आणि उठता उठता म्हणाले, "फरशी नको."

"आँ?"

"फरशी नको म्हटलं. फळ्या घासून घ्यायच्या. पॉलिश मारायचं."

"अगं पण तुला..."

"मला काय पाहिजे ते मी बघते. माडी माझी आहे ना? मी ठरवणार ना? मग ठरवलं. उद्या पहिला टाका घाला."

"आजच घालायचा असतोय, दसऱ्याला."

"मग घातला का?"

कालपासून माळ घातलेलं मशीन तसंच होतं, त्यांनी त्याला हात लावला नव्हता. मी माझ्या कपाटातून शर्टपीस काढला, भावाच्या घरच्या लग्नात मिळालेला, ह्यांनाच आलेला आहेर. तो त्यांच्या हातात दिला. "हा शिवा. लोकांना शिवता, स्वतःला कॉलर फाटलेला शर्ट." हे जिना उतरले. मी वर बसून ऐकत होते. आधी कात्रीचा कर्र कर्र आवाज, मग थोडा वेळ काही नाही आणि मग मशीन. मी देवाजवळ दिवा लावला होता, त्याच्यापुढं बसून मी मनसोक्त रडून घेतलं. चांगलं वाटलं.

भाच्याला फोन केला तर तो वैतागला. "आत्या, गर्डरची ऑर्डर द्यायला निघालोतो की!" मी म्हटलं, "निघाला होतास, गेला नव्हतास. सुतार बघ एखादा." त्यानं पाठवलेला सुतार म्हणजे नमुना होता. तोंडात तंबाखू आणि जिभेला हाड नाही. चार दिवसांत काम उरकतो म्हणाला आणि कितीतरी दिवस माडीवरच मुक्काम ठोकून बसला. एकदा घासायचं मशीन बिघडलं, एकदा त्याच्या मेहुण्याचं लग्न निघालं, एकदा पॉलिश वाळेना कारण हवा दमट. धूळ इतकी उडाली की आम्ही दोघं पांढरे झालो. चूल आम्ही शेजारणीच्या पडवीत मांडली आणि ह्यांनी मशीनही तिथंच नेलं. मी म्हटलं होतं चार दिवस आराम करा. कसला आराम! गिऱ्हाइकं बोळात येऊन विचारायची, "शिंपी कुठं गेलं?" आणि शेजारीण ओरडून सांगायची, "हितं हायत, माझ्या पडवीत! चहा पिऊन जावा." तिला मेलीला गर्दी हवीच असते.

बिद्रीच्या म्हाताऱ्यांना ह्यांनी फोन केला. मी शेजारीच भाजी चिरत होते. "पावणं, कापड दुसऱ्याला दिलं का?" तिकडून काय उत्तर आलं ते मला ऐकू आलं नाही, पण ह्यांचा चेहरा बघून कळलं. "मग आणा की," हे म्हणाले. "दिवाळीला जमतंय. न जमायला काय झालं?"

फळ्या घासून झाल्या तेव्हा सुतारानं मला वर बोलावलं. मी दारातच थांबले. इतकी वर्षं ज्या फळ्या मी काळपट समजत होते त्या नव्या गुळाच्या रंगाच्या निघाल्या. वाळवी लागलेल्या जागी तीन नवीन फळ्या बसवल्या होत्या, त्या जरा फिक्या दिसत होत्या. फटींमधे लाकडाच्या बारीक पट्ट्या ठोकून वर लाकडाची पुट्टी भरली होती. पाय ठेवला तर मऊ लागलं, कुसळाचं नाव नाही. मी चपला हातात घेऊन या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेले आणि परत आले. सुतार म्हणाला, "कसं काय काकी?" मी म्हटलं, "वेळ लावलास, पण काम चांगलं केलंस." तो तंबाखू थुंकायला खिडकीकडं गेला, तेव्हा मी त्याला परत दोन शब्द सुनावले.

एक मात्र झालं. फटी भरल्यामुळं खालचं बोलणं आता नीट वर येत नाही. पूर्वी मी वरून साध्या आवाजात "जेवायला या" म्हटलं की ह्यांना कळायचं. आता ओरडावं लागतं. तेही खालून ओरडतात. एकमेकांचं अर्धंच कळतं आणि मग उलटं ओरडायचं. बोळाची फुकट करमणूक होते. मशीनचा आवाज तेवढा पहिल्यासारखाच येतो, कारण तो तुळयांतून येतो. दुपारी मी फळीवर उशी टाकून आडवी होते तेव्हा तो पाठीला लागतो. त्याशिवाय मला झोप लागत नाही, हे मला या सगळ्या भानगडीत कळलं.

दिवाळीला मुलगा आला. माडीत शिरला आणि "अरे वा!" म्हणाला. अनवाणी फिरला, खाली बसून फळ्यांवरून हात फिरवला, फोटो काढले. फराळाचं ताट घेऊन आम्ही दोघं खिडकीजवळ बसलो. खाली ह्यांची गडबड चाललेली. बिद्रीचं सगळं कापड तयार होतं, शेवटची बटणं लावणं चालू होतं.

चकली मोडता मोडता मुलगा म्हणाला, "आई, खरं सांग. तुला फरशीच हवी होती ना?"

"हवी होती की. अजून हवीय," मी म्हणाले. लेकराशी कशाला खोटं बोलू?

"मग जाऊ दे, काही बिघडलं नाही. स्लॅब काय, कधीही टाकता येतो. बाबा दुकानात बसतायत तोवर राहू दे असंच. नंतर आपण तुला पाहिजे तशी घालू. पांढरी, उतार देऊन, वर नळ काढून. तू बस पाणी ओतत."

चांगल्या मनानं बोलला तो. मी "बरं" म्हणायला तोंड उघडलं, आणि त्याच्या 'नंतर' या शब्दावर अडकले. खिडकीतून ह्यांचा आवाज येत होता, कुणाला तरी सांगत होते, काखेत ढिलं ठेवलंय बरं का, घालून बघा.

"नंतर म्हणजे कधी रे?" मी विचारलं.

खालचं मशीन कायमचं थांबल्याशिवाय ते 'नंतर' येणार नाही, हे मुलाच्याही ध्यानात आलं. त्यानं मान खाली घातली.

मी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. त्याची काही चूक नव्हती. मी म्हटलं, "नको बाबा. मी जन्मभर फरशी मागितली. आता एवढंच मागते, की मी असेपर्यंत ती या घरात येऊ नये."